‘लूझिंग माय रिलिजन’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘आर.ई.एम.’ या अमेरिकन बँडच्या ‘लूझिंग माय रिलिजन’ या गाण्यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. चित्रफितीचे दिग्दर्शक तरसेम सिंग यांचा जन्म मुंबईचा नसून जालंधरचा आहे, ही आपली दुरुस्ती मान्य आहे. चूक माझीच होती. मात्र पुढे आपण लिहिता, ‘शीर्षकात धर्म आहे, पडद्यावर देवदूत आणि संत आहेत, तरी बाईंना एकतर्फी प्रेमच दिसते, इंग्रजी पोचत नसेल तर भावगीतांवर लिहावे.’ या वाक्यातला मतभेद मी समजू शकते, पण त्यातला सूर मला समजत नाही. मत खोडण्यासाठी समोरच्याची लायकी काढावी लागत नाही आणि भावगीत ही इंग्रजी न कळणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली जागा नव्हे, हे आपल्यासारख्या जाणकाराला सांगावे लागते याचे मला मनापासून वाईट वाटले.

आता माझ्या इंग्रजीविषयी. नोकरीनिमित्त मी सहा वर्षे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटात राहिले. हा बँड १९८० साली त्याच राज्यातल्या ज्या अथेन्स गावात जमला, ते तिथून मोटारीने साधारण दीड तासावर आहे. आमच्या कार्यालयात जॉर्जियातच वाढलेल्या एक वयस्क सहकारी होत्या. दर रविवारी नेमाने चर्चला जाणाऱ्या या बाई, प्रिंटर तिसऱ्यांदा अडला की नेमके ‘लूझिंग माय रिलिजन’ हेच शब्द उच्चारीत. अमेरिकेच्या दक्षिण भागातला हा जुना वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ संयम सुटणे, सहनशक्ती संपणे असा होतो. एखादा माणूस देव पाण्यात घालून बसला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा देव्हारा रिकामा झाला असे कोणी समजत नाही. शब्दकोश उघडून प्रत्येक शब्दाचा सुटा अर्थ लावणे म्हणजे भाषा येणे नव्हे.

शीर्षक बाजूला ठेवून गाणेच ऐका. कोपऱ्यात उभा असलेला एक माणूस आपण फार बोललो की पुरेसे बोललोच नाही, याचा हिशेब करीत राहतो. समोरची व्यक्ती हसली, गायली असा त्याला भास होतो आणि अखेरीस ते सारे स्वप्नच होते असे तो स्वतःला बजावतो. हे गाणे अव्यक्त, एकतर्फी ओढीचे आहे असे गायक आणि गीतकार मायकेल स्टाइप यांनी स्वतः सांगितले आहे. आपण पुरावा म्हणून दाखवलेले पंखवाले वृद्ध आणि बाणांनी विद्ध संत हे तरसेम सिंग यांचे आहेत. त्यांमागे गार्सिया मार्केझ यांची एक कथा आणि काराव्हाज्जोची चित्रे आहेत. दिग्दर्शकाने नंतर रंगवलेली दृश्ये गीतकाराच्या ओळींवर लादणे मला पटत नाही, आणि हे मी लेखातही लिहिले होते. आपण तो परिच्छेद वाचला नसावा.

गाण्याला ध्रुवपद नाही आणि त्याचा सूर रडका आहे, या आक्षेपांवर मी फार लिहीत नाही. ध्रुवपद नसूनही १९९१ साली ते अमेरिकेच्या मुख्य क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत पोचले, एवढे पुरे.

गाण्यातले मेंडोलिन मात्र आपण म्हणता तसे ‘शोभेचे’ नाही. माझे वडील एका हौशी वाद्यवृंदात मेंडोलिन वाजवीत, त्यामुळे शोभेचे मेंडोलिन कसे वाजते ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. चार जोड्यांत बांधलेल्या त्या आठ तारांचा नाद फार टिकत नाही. तो जिवंत ठेवायचा तर पुन्हा पुन्हा छेडावे लागते. बँडचे गिटारवादक पीटर बक हे वाद्य नुकतेच शिकत असताना त्यांना ही सुरावट सापडली, म्हणून तिच्यात सफाईपेक्षा घोकणे जास्त आहे, आणि तेच त्या कोपऱ्यातल्या माणसाच्या मनाचे चालणे आहे. खाली अटलांटा सिम्फनी या वाद्यवृंदाच्या वादकांची तंतुवाद्ये लांबलचक स्वर धरून ठेवतात, तेव्हा वरचा तो तुटक, धास्तावलेला नाद अधिकच एकटा पडतो. मेंडोलिन काढून घेतले तर गाण्यातली तगमगच निघून जाईल.

जालंधरची दुरुस्ती लेखात आजच करीत आहे. बाकीचा मजकूर आहे तसाच राहील.