सोहोतले ते घर मिशनने बांधलेले नाही

माझ्या मामांनी काल घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश पुढे पाठवला. लंडनच्या सोहो भागातील ‘हाउस ऑफ सेंट बार्नबस’ हा राजवाडा ख्रिस्ती मिशनने गरिबांच्या नावाने गोळा केलेल्या पैशांतून बांधला, तेथे जेवणाच्या बदल्यात धर्मांतर होई आणि शेवटी त्याचा श्रीमंतांचा क्लब झाला, असे त्यात लिहिले आहे. मामा एरवी कागद पाहिल्याशिवाय बोलत नाहीत, म्हणून हे मनाला अधिक लागले.

पहिला आरोप तर सनावळीपुढेच टिकत नाही. ते घर १७४४ ते १७४६ च्या सुमारास उभे राहिले. संदेश जिला मिशन म्हणतो ती ‘हाउस ऑफ चॅरिटी’ ही संस्था निघाली १८४६ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, आणि तीही शेजारच्या रोझ स्ट्रीटवर. ग्रीक स्ट्रीटवरच्या या वास्तूत ती १८६२ मध्ये आली, त्याआधी तेथे शहराच्या सांडपाण्याचा कारभार पाहणारी कचेरी होती. लंडनमधील घरांचा इतिहास नोंदवणाऱ्या ‘सर्व्हे ऑफ लंडन’ या ग्रंथमालेच्या सोहोवरील खंडात ही हकिकत सविस्तर दिली आहे. छतावरच्या ज्या नक्षीकडे संदेश बोट दाखवतो, ती १७५४ मध्ये घर घेणाऱ्या रिचर्ड बेकफर्डच्या काळातली. हा बेकफर्ड जमैकातील ऊसमळ्यांचा मालक होता आणि ते मळे गुलामांच्या श्रमांवर चालत. त्या नक्षीला शोषणाचा डाग आहे, एवढे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु तो पैसा मळेवाल्याचा होता, मिशनचा नव्हे. मिशनचा पैसा कसा येई, हे पाहायचे असेल तर रस्त्याकडेच्या लोखंडी कुंपणातील नाणी टाकण्याची खाच पाहावी: तेथे टाकलेली पेनी नळीतून घरंगळत थेट खालच्या स्वयंपाकघरातील पेटीत पडत असे.

धर्मांतराविषयी फार लिहिण्याची गरज नाही. आवारात प्रार्थनामंदिर आहे आणि प्रार्थना होत, हे खरे. पण आसऱ्याला येणारे लंडनचे बेकार आणि बेघर लोक बहुतेक जन्मानेच ख्रिस्ती होते.

क्लबही खराच, पण २०१३ पासूनचा. त्याआधी, २००६ पर्यंत, तेथे बेघर स्त्रियांचे वसतिगृह होते. क्लबही एक धर्मादाय संस्थाच चालवत असे आणि बेघरपण भोगलेल्यांना नोकरीसाठी तयार करणे हे तिचे काम होते. तोही जानेवारी २०२४ मध्ये बंद झाला.