कुठंबी चालतंय म्हणे!

परदेशी जायचं निघालं की पुन्हा अडॅप्टरची कटकट सुरू. गुलमंडीवरचा दुकानदार म्हणतो, "घ्या भाऊ, युनिव्हर्सल आहे, कुठंबी चालतंय." काय डोंबल चालतंय! लंडनला तीन चपट्या पिना, जर्मनीत दोन गोल, अमेरिकेत दोन पट्ट्या. स्वित्झर्लंडचं तर सॉकेटच खोलगट, जर्मनीचा जाडजूड प्लग त्यात शिरतच नाही. अन् शिरला तरी आपला लॅपटॉपचा चार्जर इतका जड, की रात्रभर भिंतीला लोंबकळून सकाळी बॅटरी तितकीच!

बरं, अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही, हे कुणी सांगतंय का? मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरात १००-२४० असतं, त्याचं निभतं. पण मावशी इथला २३०चा मिक्सर घेऊन लेकीकडं अमेरिकेला निघाली. तिथं १२०! नुसती घुंघुं. शेंगदाण्याचं कूट कशाचं होतंय?