रोखठोक यांच्या कमेंटला उत्तर: पॅकेज, चौकशी आणि आईची भिशी

रोखठोक दादा (की ताई? आयडीवरून कळत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या),

कमेंट रविवारी रात्रीच वाचली होती. खरं सांगतो, थोडा राग आला, म्हणून दोन दिवस गप्प बसलो. मग चार ओळीत उत्तर टाकू म्हणून टाईप करायला घेतलं तर ते वाढतच गेलं, म्हणून आता वेगळंच टाकतोय.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी: मागच्या लेखात मी लिहिलं होतं की माणसात लोकांना सगळ्यात जास्त काय भावत असेल तर खरेपणा, आणि त्याला आधार म्हणून नॉर्मन अँडरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने केलेल्या स्वभावगुणांच्या यादीचा दाखला दिला होता. त्यावर रोखठोक म्हणतात की अमेरिकेतल्या कॉलेजच्या शंभर पोरांनी कागदावर मार्क दिले म्हणून ते जगाचं मत होत नाही. आपल्याकडे स्थळ बघताना पहिला प्रश्न पॅकेज किती हाच असतो. प्रामाणिक माणसाला लोक तोंडावर चांगला म्हणतात आणि पाठीमागे बावळट, आणि प्रामाणिक राहिलेल्यांना बहुतेक संधीच मिळालेली नसते. आणि शेवटचा बाण, "तुम्ही मुलीचं स्थळ बघाल तेव्हा पगार विचारणार नाही का, खरं सांगा."

पहिला मुद्दा मान्य, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. १९६८ सालची यादी, स्वभावाचे ५५५ शब्द, १०० विद्यार्थी, प्रत्येक शब्दाला शून्य ते सहा मार्क. सगळ्यात वर 'सिन्सिअर' आला आणि तळाला 'खोटारडा'. कागदावर मार्क द्यायला काही पैसे पडत नाहीत हे तुमचं बरोबरच आहे. शिवाय एक चूक तुम्ही पकडली नाहीत ती मीच सांगतो, सिन्सिअरचं भाषांतर मी सरळ खरेपणा असं ठोकून दिलं, ते तितकंसं बसत नाही. आत एक बाहेर एक नसलेला माणूस, असं काहीतरी व्हायला पाहिजे होतं.

पण पॅकेजच्या बाबतीत मला वाटतं तुम्ही अर्ध्या रस्त्यातून परत फिरलात. पहिला प्रश्न पॅकेज असतो, कबूल, पण शेवटचा फोन कशासाठी होतो? लग्न जमत आलं की आपल्याकडे जी चौकशी चालते ती आठवा. कुणाची तरी मावशी त्या गल्लीत राहते, कुणाचा साडू त्याच कंपनीत आहे, मग फोन, "जरा बघा ना, पोरगा कसा आहे." तिथं पगार कुणी विचारत नाही, तो बायोडाटावर आलेलाच असतो. पितो का, आईबापाशी कसा वागतो, तोंड कसं आहे, आधी कुठं जमलेलं मोडलंय का, हे विचारतात. पगार पहिल्यांदा विचारतात कारण तो विचारला की कळतो, स्लिप दाखवता येते. माणूस कसा आहे हे त्यालाच विचारून काय उपयोग, "मी जरा खोटं बोलतो बरं का" असं कोण सांगणार आहे. बायोडाटात 'निर्व्यसनी' तर सगळेच लिहितात.

आमच्या चुलतबहिणीच्या वेळची गोष्ट. मुलगा इंजिनिअर, पॅकेज भरभक्कम, पिंपरी-चिंचवडला स्वतःचा फ्लॅट, पत्रिका जमलेली, घरात पेढे आणायचेच बाकी होते. काका एका संध्याकाळी कुणाला न सांगता त्या सोसायटीपाशी गेले आणि खाली इस्त्रीवाल्याच्या टपरीवर तासभर बसून आले. इस्त्रीवाला एवढंच म्हणाला, "माणूस चांगलाय, पण पैशाला फिरवतो." परत आल्यावर काकांनी नकार कळवला, घरात आठ दिवस अबोला. काकांचं म्हणणं, फ्लॅटचा हप्ता बँक वसूल करून घेतेच, पण इस्त्रीवाल्याला वसूल करता येत नाही तिथं हा कसा वागतो ते बघायचं. काकांचं बरोबर होतं की चूक ते मला अजून ठरवता आलेलं नाही, बिचारा विसरतही असेल. पण पॅकेजवर लग्नं जमतात म्हणता ना, तर हे त्या पॅकेजसकट मोडलेलं स्थळ.

(चौकशी या प्रकाराचं मी कौतुक करत नाहीये हां. त्याच फोनवर जात विचारली जाते आणि मुलींच्या बाबतीत तर जे काय विचारतात ते इथं लिहायची पण लाज वाटते.)

आणि मोठा सर्व्हे पाहिजे असेल तर तोही आहे. डेव्हिड बस या मानसशास्त्रज्ञाचा, १९८९ मध्ये आलेला, ३३ देशातले मिळून ३७ गट, दहा हजारांवर माणसं, भारतही त्यात होता. जोडीदारात काय पाहिजे ते विचारलं होतं. त्यात तुमच्या बाजूचंही आहे, ३७ पैकी ३६ ठिकाणी बायकांनी कमाईला पुरुषांपेक्षा जास्त वजन दिलं. पण सगळ्यांचं एकत्र बघितलं तर भरवशाचा स्वभाव कमाईच्या बराच वर येतो. आता हे पण कागदावरचंच म्हणाल. म्हणून कागद सोडून आईच्या भिशीकडे येतो.

आमच्या इचलकरंजीत आईची भिशी गेली वीसेक वर्षं चालू आहे. बारा बायका, महिन्याला हजार रुपये, चिठ्ठीत जिचा नंबर येईल ती बारा हजार उचलते. लिहिणं नाही, सही नाही, जामीन नाही. आता गंमत बघा, जिचा नंबर पहिल्याच महिन्यात लागला तिला बारा हजार बिनव्याजी मिळाले आणि तिनं पुढचे अकरा महिने, हातात काहीही येणार नसताना, दर महिन्याला हजार आणून द्यायचे. नाही दिले तर कोर्टात जाता येत नाही की पोलिसात. एक बाई बुडाली की शेवटचे नंबर असलेल्या बुडतात. म्हणजे भिशीत बाई घेताना ही लोकं जे बघतात ते अगदी स्वतःच्या पैशानं बघतात, तोंडदेखलं चांगलं म्हणायला तिथं जागाच नाही.

मग कुणाला घेतात? दोन वर्षांपूर्वी शेजारच्या अपार्टमेंटमधल्या एका बाईंना भिशीत यायचं होतं. शिकलेल्या, नवऱ्याचा यंत्रमागाचा धंदा, दारात गाडी. आईनं गोड बोलून टाळलं, का तर एकदा भाजीवालीला त्या म्हणाल्या होत्या "नंतर देते" आणि ते नंतर काही आलं नाही. त्यांच्या जागी घेतली कोण, तर चार घरी पोळ्या करणारी एक बाई. ती दर पाच तारखेला हजर, एकदा पोरगं तापानं फणफणलेलं तर मोठ्या मुलीच्या हातानं पैसे पाठवले, रुमालात गाठ मारून.

आणि इथंच तुमच्या बावळट वाल्या मुद्द्याचं उत्तर आहे असं मला वाटतं, आणि ते उत्तर थोडं माझ्या विरुद्ध जातं. आईची एक जुनी मैत्रीण आहे, अत्यंत चांगली बाई, आयुष्यात कुणाशी खोटं बोलली नसेल, दुसऱ्याचं दुखलं की हिच्या डोळ्यात पाणी. तिला भिशीत घेतलेलं नाही! मी विचारलं का, तर आई म्हणाली, "देवमाणूस आहे रे ती, पण भिशीत नको. भाऊ दारात आला की आहे ते काढून देती, मग आपल्याला कुठनं देणार." उलट भिशीतली एक काकू आहे तोंडानं फटकळ, वय दरवर्षी एकच सांगते, साडीची किंमत सांगितली की बाकीच्या मनातल्या मनात निम्मी करून घेतात, पण कुणाला अडचण आली आणि नंबर बदलायची वेळ आली की आई डोळे झाकून पहिला नंबर हिला देईल. म्हणजे दादा, मी लेखात खरेपणा म्हटलं तिथं माझा शब्दच चुकला. लोक जो गुण शोधतात तो खरं बोलणं नाही, तर 'ह्याचं नक्की धरून चालावं का' हा आहे. आणि तुम्ही ज्याला बावळट म्हणतात म्हणता तो माणूस प्रामाणिक असतो म्हणून लोक हसत नाहीत, तो चांगला असून भरवशाचा नसतो म्हणून हसतात. पूर्ण नाही, पण बऱ्याच वेळा. ऑफिसात लाच न घेणाऱ्याला हसतात त्याची जात वेगळी, तिथं हसणाऱ्यांचीच गैरसोय होत असते.

राहिलं "संधी मिळाली नाही म्हणून प्रामाणिक". २०१९ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, ४० देशातल्या ३५५ शहरात सतरा हजारांवर पाकिटं हॉटेलं, बँका, पोस्ट अशा ठिकाणी काउंटरवर नेऊन दिली, "रस्त्यात सापडलं, तुम्ही बघा" म्हणून. काही रिकामी, काहीत पैसे. पैसेवाली पाकिटं जास्त परत आली. आधी लोकांना अंदाज विचारला तर उलटंच म्हणाले होते, अर्थशास्त्रवाले सुद्धा चुकले. रिकामं पाकीट ठेवून घेतलं तर माणूस फक्त आळशी ठरतो, पैशाचं ठेवलं तर स्वतःच्याच नजरेत चोर, असा काहीसा त्याचा अर्थ संशोधकांनी लावलाय. तर संधी मिळाली की सगळे सारखेच हे तुमचं वाक्य मी तरी घेणार नाही. बुडवणारे असतात, आमच्या भिशीतही एकदा एक जण पाचवा हप्ता भरून गाव सोडून गेली, आईनं तिच्या वाटचे सात हजार स्वतःच्या पाटल्यातली एक मोडून भरले आणि आजही त्या बाईचं नाव घरात कुणी काढत नाही.

आता शेवटचा बाण. पगार विचारेन का? विचारणार की, पहिल्याच फोनवर विचारेन. आणि मग काकांना इस्त्रीवाल्याकडे पाठवेन.

ता.क. काल आईला तुमची कमेंट फोनवर वाचून दाखवली, सगळी, मला भाबडा म्हणालात ते सुद्धा. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माणूस सरळ बोलतंय. कुठल्या गावचं आहे विचार, आणि तिकडं आपल्या ओळखीचं कोण आहे का बघ."

तर, गाव कुठलं?