कबुतराचा व्हिडिओ टाकण्याआधी

सकाळपासून तिघांनी तोच व्हिडिओ टाकलाय. क्यूबाची राजधानी हवाना, तिथली लष्करी छावणी, ८ जानेवारी १९५९ ची रात्र. दाढीवाला तरुण फिदेल कॅस्ट्रो भाषण करतोय आणि एक पांढरं कबूतर येऊन त्याच्या खांद्यावर बसतं. वर मजकूर, "नेता असावा तर असा." खाली बदामांचा पाऊस. टाकणारे तिघंही माझे जवळचे आहेत, वाचणारे आहेत, मोर्चात उन्हात उभे राहणारे आहेत. परक्या कोणी टाकला असता तर मी पुढे सरकले असते. तुम्ही टाकलात, म्हणून एवढं लिहायला बसलेय.

फिदेलने उलथवलेला क्यूबाचा हुकूमशहा बाटिस्टा, त्याचा चाहता आपल्यात कोणी नाही, तेव्हा तो भाग उरकते. १० मार्च १९५२ ला त्याने लष्कराच्या जोरावर सत्ता बळकावली आणि तोंडावर आलेली निवडणूक रद्द केली. त्या निवडणुकीत ऑर्थोडॉक्स पक्षाकडून पंचवीस वर्षांचा एक वकील प्रतिनिधिगृहासाठी उभा होता. तोच फिदेल. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग फिदेलचा मोंकाडा लष्करी छावणीवरचा फसलेला हल्ला, तुरुंग, मेक्सिको, तिथून ग्रान्मा बोटीतून क्यूबात आलेले ८२ जण, सिएरा माएस्त्राच्या डोंगरातली लढाई. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. १ जानेवारी १९५९ च्या पहाटे बाटिस्टा विमानात बसून पळाला.

आणि तुमची सगळ्यांची गोष्ट इथेच संपते. त्या पहाटे देश फिदेलच्या हातात आलाच नव्हता. राष्ट्राध्यक्ष दुसरा होता, पंतप्रधान दुसरा होता, बाटिस्टाशी लढलेल्या इतर संघटनांकडे स्वतःची शस्त्रं होती, वर्तमानपत्रं होती, कामगार संघटना होत्या, न्यायालयं होती. हे सगळं एका माणसाच्या हातात कसं गेलं ते पुढच्या अडीच वर्षांत घडलं, दिवसाढवळ्या, आणि बहुतेक वेळा लोकांच्या टाळ्यांत.

मी न्यू जर्सीत राहते हे तुम्हाला माहीत आहे. आमच्याच मजल्यावर एक क्यूबन आजी राहतात. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या होत्या. तेरा वर्षांच्या. त्यांचे वडील हवानातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, आणि फिदेलचा ताफा शहरात आला त्या दिवशी त्यांनी मुलीला रस्त्यावर नेलं होतं. आजी म्हणतात, वडिलांना रडताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. मी हे खोटं ठरवायला निघालेले नाही. तो आनंद शंभर टक्के खरा होता.

पण त्या कबुतराच्या भाषणात फिदेल काय म्हणत होता ते तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं? "शस्त्रं कशाला?" असं तो गर्दीला विचारत होता. रोख होता विद्यार्थ्यांच्या क्रांतिकारी डिरेक्टोरेटवर. तीही बाटिस्टाविरुद्ध लढलेली, माणसं गमावलेली संघटना, आणि तिने काही शस्त्रं ताब्यात ठेवली होती. आता स्वातंत्र्य मिळालं, मग शस्त्रं कोणाविरुद्ध? गर्दी फिदेलच्या बाजूने झाली आणि डिरेक्टोरेटला शस्त्रं द्यावी लागली. प्रश्न बिनतोड होता, फक्त फिदेलच्या स्वतःच्या बंदुकांना तो लागू नव्हता. कबूतर खांद्यावर बसलं त्याच रात्री पहिला प्रतिस्पर्धी मोडला.

फेब्रुवारीत फिदेल पंतप्रधान झाला. मार्चमध्ये क्यूबातल्याच सँतियागो शहरात बाटिस्टाच्या हवाई दलातल्या चाळीसहून अधिक जणांवर खटला चालला, गावांवर बाँब टाकल्याचा. क्रांतीनेच नेमलेल्या न्यायासनाने पुरावा अपुरा म्हणून त्यांना सोडलं. फिदेलने टीव्हीवर सांगितलं, निकाल चुकीचा आहे. दुसरं न्यायासन बसलं, तीच माणसं, तेच आरोप, आणि तीस-तीस वर्षांपर्यंत शिक्षा. पहिल्या न्यायासनाचा प्रमुख फेलिक्स पेना हा डोंगरात लढलेला कमांडर होता. काही आठवड्यांतच तो मोटारीत गोळी लागून मेलेला सापडला. आत्महत्या, असं सांगितलं गेलं. बाँब पडले होते, माणसं मेली होती, लोक चिडलेले होते, हे मान्य. पण निकाल आवडला नाही म्हणून खटला पुन्हा चालवायचा हे आपल्या देशात कोणी केलं तर तुम्ही रस्त्यावर उतराल की नाही? मला तुमचं उत्तर माहीत आहे. मग तिथे का चालतं?

मग जुलै. राष्ट्राध्यक्ष मान्युएल उरुतिया. बाटिस्टाच्या काळात बंडखोरांवरच्या खटल्यात, जुलमाविरुद्ध उठणं हा हक्क आहे, असं मत नोंदवणारा हाच न्यायाधीश. तो कम्युनिस्टांविरुद्ध उघड बोलू लागला. १७ जुलै १९५९ ला फिदेलने पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला आणि टीव्हीवर बसून उरुतियाचे वाभाडे काढले. कार्यक्रम चालू असतानाच रस्त्यावर लोक जमले, आणि त्याच रात्री उरुतियाचा राजीनामा आला. २६ जुलैला खेड्यांतून लाखो शेतकरी हवानात आलेले, "परत या" म्हणून गर्जना, आणि फिदेल परत पंतप्रधान. एक गोळी झाडावी लागली नाही. आजींच्या घरी टीव्ही नव्हता, शेजाऱ्यांकडे गर्दी करून बघितला, आणि वडील उरुतियाला शिव्या देत होते असं त्या सांगतात.

लोक का साथ देत होते हेही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितेय. घरभाडी निम्म्यापर्यंत उतरली होती. मे १९५९ च्या कायद्याने जमिनीवर साधारण ४०० हेक्टरांची कमाल मर्यादा आली, आणि अमेरिकी साखर कंपन्यांच्या अफाट मळ्यांना पहिल्यांदा हात लागला. उसाच्या हंगामापुरतं काम मिळणाऱ्या माणसाला उरुतिया राहिला की गेला याचं काय पडलेलं असणार? मीही त्या जागी असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

उबेर मातोसचं मात्र मला काही केल्या गिळता येत नाही. शाळामास्तर, भातशेती करणारा, कोस्टा रिकाहून विमानभर शस्त्रं घेऊन डोंगरात उतरलेला. कामागुए प्रांताचा लष्करी प्रमुख. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याने फिदेलला पत्र लिहिलं, की कम्युनिस्टांचा शिरकाव मला पटत नाही, मला मोकळं करा, मी घरी जातो. बंड केलं नाही, राजीनामा दिला. त्याला अटक करायला फिदेलने आपला डोंगरातला साथीदार कामिलो सिएनफुएगोस याला पाठवलं. कबुतराच्या भाषणात फिदेलने मध्येच वळून, "बरोबर बोलतोय ना मी, कामिलो?" असं ज्याला विचारलं, तोच हा कामिलो. आठवड्याभरात कामिलोचं विमान बेपत्ता झालं, ते आजतागायत सापडलेलं नाही. त्यावर मी कुठलाही तर्क करणार नाही. मातोसच्या खटल्यात फिदेल स्वतः साक्षीला उभा राहून तासन्‌तास बोलला. शिक्षा वीस वर्षं. पुरी भोगली, १९७९ ला सुटला. राजीनाम्याबद्दल वीस वर्षं!

१९६० च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत नवी पद्धत सुरू झाली. सरकारविरोधी मजकूर आला की त्याखाली कामगारांच्या नावाने चौकट छापायची, की वरचं लिखाण आम्हाला मान्य नाही. आजींच्या वडिलांनी त्या चौकटींचे खिळे स्वतः जुळवले, आणि अभिमानाने जुळवले, कारण मालक खरोखरच बाटिस्टाच्या गोटातला होता. काही महिन्यांत तो पेपरच राहिला नाही. त्या वर्षाच्या मध्यापर्यंत देशातले बहुतेक स्वतंत्र पेपर गेले. मे दिनाला चौकात घोषणा घुमली, "निवडणुका कशाला?" ज्याच्या हातून निवडणूक हिसकावली म्हणून तो बंडखोर झाला, त्याच्यासमोर ही घोषणा. आणि त्याने ती उचलून धरली.

हो, अमेरिका होती. साखरेचा कोटा कापला, व्यापारबंदी लादली, एप्रिल १९६१ मध्ये सीआयएने सुमारे १,४०० क्यूबन निर्वासित शस्त्रं देऊन क्यूबाच्या किनाऱ्यावर, बे ऑफ पिग्जला उतरवले. भीती खरी होती. पण पेना, उरुतिया, मातोस हे सगळं त्याच्या आधीचं आहे. तारखा बघा ना जरा.

त्या एप्रिलमध्ये हजारो संशयितांना उचलून थिएटरांत, स्टेडियममध्ये कोंडलं. त्यात आजींचे वडीलही. गल्लीतल्या, शेजाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या क्रांती संरक्षण समितीला कोणीतरी सांगितलं होतं की हा माणूस पेपर गेल्यापासून कुरकुर करतो. काही आठवड्यांनी सोडलं. आणि थोड्याच दिवसांत पंधरा वर्षांची ही मुलगी साक्षरता मोहिमेला जायचं म्हणून हट्ट धरून बसली. पालकांची सही लागायची. वडिलांनी केली.

इथे माझा राग शांत होतो. एक लाखाच्या आसपास शाळकरी पोरं कंदील आणि झोळणा घेऊन डोंगरात गेली, वर्षभरात सात लाखांहून जास्त लोक लिहायला शिकले. आजींनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला शिकवलं. त्याचा जाड अंगठा, पेन्सिल मोडायची, हे सांगताना त्या अजूनही हाताने करून दाखवतात. शेवटची परीक्षा म्हणून प्रत्येकाने फिदेलला पत्र लिहायचं असे. ती पत्रं आज संग्रहालयात आहेत, कबूतर बसलं त्याच छावणीच्या आवारात. आजींच्या शेतकऱ्यानेही लिहिलं, "धन्यवाद कमांडर." मी विचारलं, तुमचे आभार नाही मानले? म्हणाल्या, माझ्यासाठी त्याने अननस आणला होता.

मोहीम चालू होती त्याच जूनमध्ये लेखकांना बोलावून सांगितलं गेलं, क्रांतीच्या आत सगळं, क्रांतीच्या विरोधात काहीच नाही. चार वर्षांनी देशात एकच पक्ष उरला. फिदेलने सूत्रं सोडली ती २००६ मध्ये, आजारी पडल्यावर, आणि दिली सख्ख्या भावाला. आजी साठच्या दशकाच्या शेवटी विमानाने इकडे आल्या. वडील तिकडेच वारले.

कॉमेंटमध्ये वाद जरूर घाला. फक्त बाटिस्टा किती नालायक होता आणि सीआयएने काय काय केलं हे मला समजावू नका, त्यावर आपलं भांडण नाही. मार्च १९५९ च्या त्या दुसऱ्या खटल्यापासून सुरुवात करा, आणि तो तुम्हाला योग्य वाटत असेल तर तसं सरळ लिहा.