शिष्यवृत्ती शून्य धरा

लॉचा खर्च मांडायला बसलेला माणूस पहिल्या ओळीत फी लिहितो आणि दुसऱ्या ओळीत ‘वजा शिष्यवृत्ती’ लिहून मोकळा होतो. त्या ‘वजा’ला माझी सक्त हरकत आहे. फी प्रवेशाच्या वेळी जाते. शिष्यवृत्ती येते तेव्हा बहुधा पुढच्या वर्षाच्या फीची वेळ झालेली असते. म्हणून नाशकात खोली करून लॉ करणाऱ्या पोरापोरींना मी सांगतो, शिष्यवृत्ती शून्य धरा. आली तर आली.

कागदावर सगळं उदार आहे. खुल्या गटातल्या कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू योजनेत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना त्याच मर्यादेत ते पूर्ण माफ आहे. अट एवढीच, की प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून शिरलात, तर सरकार तुम्हाला श्रीमंत समजतं. वडिलांनी काय विकलं ते विचारत नाही.

मग महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचं सरकारी पोर्टल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे जुना जपून ठेवण्यात अर्थ नाही. निफाडकडच्या घरात उत्पन्न खरं तर कांदा ठरवतो आणि तो दर आठवड्याला मत बदलतो, पण दाखल्यावर एकच आकडा लागतो. पदवीनंतर चार वर्षं नोकरी करून आलेल्यांना गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. प्रत्येक कागद २५६ केबीत बसवायचा. बसतो, फक्त मग तो वाचता येत नाही. न वाचता येणारा कागद कॉलेजच्या लॉगिनवरून ‘सेंड बॅक’ होतो. शेरा असतो, ‘योग्य कागदपत्र जोडा’. कोणतं, ते गुलदस्त्यात. अर्ज परत आलाय हे लॉगिन उघडल्याशिवाय कळेलच असं नाही, म्हणून दर आठवड्याला उघडून बघा.

खरी मेख बँकेत आहे. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला तेच खातं नोंदलेलं असणं, वेगळं. पैसे शेवटी सीड झालेल्या खात्यात जातात, आणि ते अनेकदा सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं, पासबुक नसलेलं खातं निघतं. फॉर्म भरायच्या आधी कोणती बँक सीड आहे ते आधारच्या वेबसाइटवर बघून घ्या.

राहण्याखाण्याचा हिशेब आणखी रंजक. समाजकल्याणच्या, अनुसूचित जाती-नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत नाशिकसाठी वर्षाला ५१,००० रुपये धरलेत: भोजन २८,०००, निवास १५,०००, निर्वाह ८,०००. म्हणजे खोलीला महिना १,२५० रुपये. कॉलेज रोडला या पैशात खोलीची चौकशी करून बघा. घरमालक आधी हसतील, मग सिंहस्थाचं कारण सांगून भाडं वाढवतील. सिडकोत किंवा पंचवटीत तिघांत खोली, एक वेळचा डबा आणि सिटीलिंक बसचा पास, एवढ्यात बसलात तरच आकडे जमतात.

पुस्तकांत काटकसर करताना जपून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ५११ कलमांच्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) जागी ३५८ कलमं आली. सीनियर ज्या मायेने जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत देतात, ती माया संशयास्पद आहे. फसवणुकीचं ४२० आता ३१८ झालंय, आणि त्या पुस्तकावर पैसे घालवणं त्यातच मोडतं. करार, घटना, मालमत्ता हस्तांतरण मात्र बिनधास्त सेकंड हँड घ्या. मूट कोर्टचा, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्याचा, काळा कोट थोडा सैल शिवा. मेसचं जेवण तीन नाहीतर पाच वर्षं खायचंय.

कर्ज काढलंत, तर चार लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही आणि हप्ता कोर्स संपल्यावर वर्षाने सुरू होतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून हजेरी लावतं, तुमच्या वर्गातल्या सक्तीच्या ७० टक्क्यांपेक्षा नियमित. दरमहा नुसतं व्याज भरता आलं, तर भरत चला.

शेवटी वकिलीची सनद. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी नोंदणी शुल्काला ७५० रुपयांची मर्यादा घातली; अनुसूचित जाती-जमातींसाठी ती १२५ आहे. त्याआधी बार कौन्सिल हजारोंनी घेत. पण त्या आनंदात सगळे पैसे उडवू नका, कारण वकिली करायला बारची अखिल भारतीय परीक्षाही द्यावी लागते, आणि तिची फी खुल्या गटाला साडेतीन हजार आहे.