काका, तव्याचं सोडा, रुंदीचं बोला

नमस्कार काका,

कमेंट एवढी सविस्तर लिहिलीत, तर उत्तरही सविस्तरच देतो. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून: घरामागे दोन वीसफुटी शिपिंग कंटेनर जोडून धाकट्या भावासाठी आम्ही जे छोटं घर केलं, त्यावर काकांचं म्हणणं असं की आयुष्य आरसीसीत गेलेला माणूस म्हणून सांगतो, हा मे महिन्यात तवा आहे, चार पावसाळ्यांत गंजणार, स्वस्त तर नाहीच, आणि मुळात मुंबईत परस आहे कुणाकडे, सगळं यूट्यूबचं फॅड.

परसाचं आधी उरकतो. मढ, एरंगळ, मनोरी, गोराई, ही पण मुंबईच आहे की हो. गावठाणातल्या जुन्या घरांमागे विहीर, दोन माड, एखादी मोडकी शेड अशी जागा अजून आहे, आमच्याकडे त्या शेडच्या जागी हे घर आलं.

आता तवा. नुसता डबा उन्हात ठेवला तर तुम्ही म्हणता तेच होणार, पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा, त्यात वादच नाही. पण उष्णता येते कुठून ते बघा ना. मुंबईत मेच्या मध्याला आणि परत जुलैच्या शेवटी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, म्हणजे सगळा मार छतावर, भिंती त्या मानाने सुटतात, पश्चिमेची सोडून. तरी लोक भिंतींना आतून थर्माकोल ठासतात आणि छत तसंच उघडं ठेवतात, हे काय लॉजिक आहे मला कळत नाही. आम्ही वरती एमएस (साध्या पोलादाच्या) अँगलवर दुसरं उतरतं छप्पर टाकलं, मधे फूटभर मोकळी हवा, आणि भिंतींना रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर, बाहेरून, त्यावर सिमेंट शीट. त्या छपराचा अजून एक फायदा आहे जो सहसा कुणी सांगत नाही: डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री उघडा पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही गार पडतो, मग आतला दमटपणा त्याच्या खालच्या बाजूला पाणी होऊन धरतो आणि टपटप गळतो. जहाजाच्या मालाचं हेच होतं, म्हणून तर कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. वर दुसरं छप्पर असलं की खालच्या पत्र्याला आकाश दिसतच नाही, प्रश्न तिथेच मिटला.

गंजाबाबत तुमचं अर्धं बरोबर. कंटेनर ज्या कॉर्टेन स्टीलचा असतो त्यावर गंजाचा एक घट्ट थर बसतो आणि तोच आतलं लोखंड राखतो, पण खाऱ्या हवेत तो थर नीट बसत नाही, आणि आमच्याकडे वारा थेट समुद्रावरून. त्यामुळे मदार सगळी रंगावर, आणि डबा जमिनीला न टेकवण्यावर. चारी कोपऱ्यांखाली काँक्रीटचे पेडेस्टल, म्हणजे बुटके खांब, घेतले, उंची ठरवताना २६ जुलै २००५ डोक्यात होता, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस. आणि काका, एक हिशोब करून बघा: रिकामा वीसफुटी साधारण २.२ टनांचा, तळाचं क्षेत्रफळ पंधराएक चौरस मीटर, म्हणजे दरवाजे घट्ट बंद असतील तर तळाच्या वर अर्धा फूट पाणी चढलं की लोखंडाचा डबा चक्क तरंगायला लागतो! घर केल्यावर वजन वाढतं, तरी आम्ही कोपऱ्यातली कास्टिंग्ज (डब्याचे ओतीव पोलादी कोपरे) पेडेस्टलवरच्या बेसप्लेटला वेल्ड करून घेतली.

पण खरी अडचण तुम्ही काढलीच नाहीत, तुमच्यासारख्या साइटवरच्या माणसाने ती सोडावी याचं मला नवल वाटलं. रुंदी. बाहेरून आठ फूट दिसतो, आतून २.३५ मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत मुख्य राहत्या खोलीला किमान २.४ मीटर रुंदी आणि २.७५ मीटर उंची लागते, म्हणजे आत एक खिळा ठोकायच्या आधीच डबा पाच सेंटिमीटरने नापास. हायक्यूब, म्हणजे जास्त उंचीचा डबा, घेतला तरी आतली उंची २.७ च्या आसपास, एसी खोलीला २.४ चालते म्हणून ते निभतं. म्हणून दोन डबे शेजारीशेजारी ठेवून मधली भिंत कापायची, आणि सगळा खर्च नेमका इथे लागतो. कारण डब्याची ताकद चार कोपऱ्यांच्या खांबांत असते. सीएससी प्लेटवर, म्हणजे डब्यावरच्या सुरक्षा-मंजुरीच्या पाटीवर, स्टॅकिंगचा (वर रचायच्या वजनाचा) आकडा बऱ्याचदा १,९२,००० किलो दिसतो, पण ते वजन कोपऱ्यांवर, छताच्या मधोमध टेस्ट फक्त ३०० किलोची. नालीदार भिंत ही खरं तर लांबलचक बीमच आहे, ती कापली की वरची रेल (छताच्या कडेची पट्टी) लोंबायला लागते, त्यामुळे आधी बॉक्स सेक्शनचा (चौकोनी पोकळ पोलादी) बीम आणि दोन्ही टोकांना खांब, मगच गॅस कटर. व्हिडिओत भिंत कापून सरळ काचेचा स्लायडिंग दरवाजा बसवतात ते बघून मला धडकी भरते.

अजून एक, खालचं २८ मिलिमीटरचं प्लायवूड. त्याला कीटकनाशक मारलेलं असतं, ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइनमुळे ही पद्धत पडली. कुठलं औषध ते त्याच सीएससी प्लेटवर टिंबर ट्रीटमेंटच्या ओळीत लिहिलेलं असतं. आम्ही ते प्लाय उपटूनच टाकलं, सिमेंट बोर्ड घातला.

स्वस्त मी पोस्टमध्ये कुठेच म्हटलेलं नाही, परत वाचा. नुसती खोली हवी असेल तर एमएस फ्रेम आणि पफ पॅनल (दोन पत्र्यांमधे फोम) स्वस्तात पडतं, वर रुंदी पाहिजे तेवढी. आम्ही डबे घेतले ते गल्लीमुळे. वाळू-खडी टाकायला जागा नाही, शेजाऱ्यांची जायची वाट तीच. उरणच्या बाजूच्या यार्डातून डबे फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये गेले, मोजमाप, कापाकापी, बीम, रंग सगळं तिथे, मग एकेक ट्रकवर आणि इथे हायड्रा क्रेनने उचलून ठेवले. चाळीसफुटी आमच्या वळणावरच अडकला असता.

आणि परवानगी. पाया नाही, उचलून नेता येतो, म्हणून परवानगी नको असं जे सांगतात ते कृपया कुणी ऐकू नका. मुंबईत डीसीपीआर २०३४ ही बांधकामाची नियमावली आहे, किनाऱ्याला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीचे, निर्बंध आहेत, डबा असो की विटा, आर्किटेक्टला आधी भेटा. आमचा बराचसा वेळ तिथेच गेला.

आता तुमच्याकडून एक हवंय. मधल्या उघड्या भागावर, साधारण चार मीटरचा गाळा धरून, तुम्ही बीम किती खोलीचा घेतला असता आणि मधे एक खांब दिला असता का? भावाच्या मित्राला नायगावला असंच काहीतरी करायचंय, तो खांब नको म्हणून हटून बसलाय, त्याला तुमचं उत्तर दाखवतो.