‘सगळे धर्म सारखेच’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया आली तेव्हाच वाचलेली, पण मोबाईलवर एवढं टाईप करायला नको वाटतं आणि तुम्ही मुद्दे पण जाडजूड काढलेत, म्हणून आज निवांत बसून लिहितोय. बाकीच्यांना संदर्भ देतो. मागे मी लिहिलं होतं की अलिबागजवळच्या आमच्या चौल-रेवदंडा-कोर्लईच्या पट्ट्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध, ज्यू असे सगळे राहात आले आणि कोण काय खातो, उपास कसा धरतो, सण कुठल्या चंद्रावर करतो हे प्रत्येकाचं निराळं आहे. त्यावर काकांचं म्हणणं असं की सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, सगळ्या नद्या सागरालाच मिळतात, मग फरक उगाळून फूट कशाला पाडता. शिवाय मी तत्त्वज्ञान सोडून मासळीबाजारात फिरत बसलोय, आणि श्रेष्ठ धर्म कोणता ते सांगायची हिंमत केली नाही.

नद्यांचं आधी घेतो. ही कल्पना शिवमहिम्न स्तोत्रातली, विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ ला शिकागोच्या पहिल्याच भाषणात तो श्लोक म्हटला म्हणून आपल्या सगळ्यांना तोंडपाठ. श्लोक सुंदरच आहे, माझी आजी प्रदोषाला म्हणायची. पण त्यात समुद्र कोण ते बघा ना, शंकर! माणसं सरळ-वाकड्या कुठल्याही वाटेने गेली तरी तुझ्याकडेच येतात असं एक शिवभक्त महादेवाला सांगतोय. भक्ताच्या तोंडी ते शोभतं, पण ते त्याचं मत झालं, बाकीच्यांना कोणी विचारलंय? उद्या एखादा पाद्री म्हणाला की काका, तुम्ही घरी देवपूजा करता पण ती नकळत येशूचीच, तर तुम्हाला चालेल का. आणि नद्यांचाच हिशोब करायचा तर जुन्या महाबळेश्वरला कृष्णा आणि सावित्री एकाच देवळात गोमुखातून निघतात असं मानतात, त्यातली सावित्री घाट उतरून बाणकोटच्या खाडीने आमच्या अरबी समुद्रात येते आणि कृष्णा पाठ फिरवून पार आंध्रातून बंगालच्या उपसागरात जाते.

‘एकच सांगतात’ म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो हेही बघायला पाहिजे. खोटं बोलू नये, चोरी करू नये, आईबापाला सांभाळावं, गरिबाला द्यावं, हे सगळीकडे आहे, कबूल. पण एवढ्यासाठी धर्म लागत नाही, आमच्या गावात देव न मानणारे मास्तर होते ते पण हेच शिकवायचे. धर्म म्हणून जे वेगळं उरतं त्यात फरक आहेत आणि ते किरकोळ नाहीयेत. येशूचंच घ्या. ख्रिस्ती म्हणतात तो क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, त्यांचा सगळा विश्वास ह्याच्यावर उभा. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात (म्हणजे अध्यायात) स्पष्ट आहे की त्याला मारलंही नाही आणि क्रुसावरही चढवलं नाही, लोकांना तसं भासलं, तरीपण तो मसीहा (देवाने पाठवायचं कबूल केलेला तारणहार) आणि अल्लाचा मोठा पैगंबर. आणि ज्यू म्हणतात मसीहा यायचाय अजून. तिघांनाही देव एकच, तिघांनाही अब्राहम मान्य, आणि तरी ह्या तीन गोष्टी एकदम खऱ्या धरताच येत नाहीत. जैन म्हणतात प्रत्येक जीवाला स्वतंत्र आत्मा आहे, बौद्ध म्हणतात असा कायमचा आत्मा नाहीच, आणि जग घडवणारा देव तर दोघांनाही मान्य नाही. आता ह्यातून ‘एकच’ कसं काढायचं तुम्हीच सांगा.

तुम्ही मध्येच लिहिलंय की ‘बुद्ध तर आपलाच, विष्णूचा नववा अवतार’. काका, हे वाक्य आमच्याकडच्या बुद्धवाडीत जाऊन बोलू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्म घेतला आणि जमलेल्या लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी नेमकी हीच आहे की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही. कोकणातल्या माणसाला ह्यामागचं कारण वेगळं सांगायला नको, महाड आमच्यापासून लांब नाही. चवदार तळं सगळ्यांना खुलं असा नगरपालिकेचा ठराव १९२४ सालचा, आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी जाऊन पाणी पिईपर्यंत तो कागदावरच होता. मुसलमान, ख्रिस्ती त्या तळ्यावर जाऊ शकत होते, गुरंढोरं पण जात होती, आणि हिंदूच म्हणवल्या जाणाऱ्या अस्पृश्यांना मात्र बंदी. फूट ही अशी होती, लेख लिहून पाडावी लागली नाही. ज्या माणसाने विचार करून, शपथ घेऊन, वेगळा रस्ता धरला त्याला ‘तुझं आमचं सारखंच’ म्हणणं म्हणजे त्याने घेतलेला निर्णय पुसून टाकणं, भले तुम्ही प्रेमाने म्हणत असाल.

फरक सांगितला की लोक तुटतात असं तुम्हाला वाटतं. मला आमच्या चौलचाच एक जुना दाखला आठवतो. १४६९ च्या आसपास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे, आलात तर बघून जा. वाटेत लुटारूंनी त्याची पुस्तकं नेली होती त्यामुळे ईस्टर आणि त्याच्या आधीचा ख्रिस्ती उपास कधी तेच त्याला कळेना, म्हणून मुसलमानांच्या रोज्याच्या महिन्यात त्याने आपला उपास धरला, आणि हे सगळं बिचाऱ्याने टिपणात लिहून ठेवलंय, सारखी रुखरुख की आपला धर्म सुटतोय की काय. जुन्नरला असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून दम दिला, मग एका खोरासानी माणसाने मध्ये पडून सोडवला. मला आवडतो तो पुढचा भाग. बिदरकडे त्याची हिंदूंशी ओळख झाली, आणि मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे असं त्याने सरळ सांगून टाकल्यावर त्या लोकांनी त्याच्यापासून खाणंपिणं, व्यापार, पूजाअर्चा काही लपवलं नाही असं तो लिहितो. इथे चौऱ्याऐंशी पंथ आहेत आणि एकमेकांत खात-पीत नाहीत, लग्न करत नाहीत हेही लिहितो, गोड काही केलेलं नाही. आपण कोण ते सांगितलं म्हणून दारं उघडली. त्याच्याही साडेपाचशे वर्षं आधी अरब प्रवासी मसूदी चौलला येऊन गेला (तो सैमूर म्हणतो), त्याच्या लिहिण्यात आहे की इथल्या मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक माणूस नेमलेला असायचा, त्याला हुनरमन म्हणायचे, आणि राज्य मुसलमानांचं नव्हतं बरं का, राष्ट्रकूटांचं. त्या राजाला काय सगळे धर्म सारखे वाटत होते म्हणून हे चाललं? वेगळे आहेत म्हणूनच तर वेगळा माणूस नेमायला मान्यता दिली.

आता मासळीबाजार. मी मुद्दामच तिथून सुरुवात केली, कारण तत्त्वज्ञान बोलायला सगळ्यांनाच येतं, ताटात काय पडतं त्यावरून खरं कळतं. आमच्याकडच्या बेने इस्राएली ज्यूंना लोक शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली अशी त्यांची कथा, ग्रंथ समुद्रात गेले, शेमा ही ‘देव एकच’ सांगणारी प्रार्थना तेवढी राहिली. कितीतरी पिढ्यांनी बाहेरून डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू आला आणि हे खरंच आपले का ते बघायला त्याने बायकांपुढे सगळ्या जातीची मासळी ठेवली, तर त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढीच शिजवायला घेतली. कथा असेल, पण नियम तोरा म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातला आहे आणि घराघरांत पाळला जायचा. माझ्या लहानपणी बाजारात एक कोळीण बसायची, वाटे लावून. ज्यू आजी लांबून दिसली की ती शिंगाळा आणि मोरीचा वाटा फडक्याखाली सारायची आणि जिताडा पुढे करायची, ‘आजे, यो बग, याला खवला हाय.’ आजी तरी खवला नखाने उचलून बघायचीच. कोळणीला तोरा माहीत नव्हता, गिऱ्हाईक माहीत होतं.

त्याच पाटीवर कोकणी मुसलमान बाई येते, ती कोळंबी-माकुल बिनधास्त घेते, कारण हे लोक शाफई पंथाचे आणि त्यांच्याकडे समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं. देशावरच्या बहुतेक मुसलमानांचा पंथ हनफी, तिथे मासा तेवढा हलाल, आणि कोळंबी मासा आहे का नाही ह्यावर मौलवींमध्ये अजून वाद! कोर्लईची ख्रिस्ती बाई लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या) शुक्रवारी मटण घेणार नाही पण मासा घेणार, तिला खवल्याशी देणंघेणं नाही, ती येशूच्या दुःखाची आठवण म्हणून मांस सोडतेय. आपल्याकडे श्रावणात तोच मासा बंद, आणि त्याआधी गटारीला जी काय झुंबड असते (लेंटच्या आधी गोव्यात कार्निव्हल असतो, ह्या बाबतीत मात्र सगळे धर्म एकच हे तुमचं मान्य). मासा एकच पण एकीकडे देवाची आज्ञा म्हणून बिनखवल्याचा सोडतात, एकीकडे प्रायश्चित्त म्हणून मटण सोडून तोच घेतात, एकीकडे व्रत म्हणून सोडतात, आणि जैन तर जीवहत्या नको म्हणून कधीच शिवत नाही. देवाची आज्ञा, पाप, संकल्प, अहिंसा, हेच तर तत्त्वज्ञान झालं ना, आणखी कुठलं हवंय?

तरी अजून हवंच असेल तर माफीचं घ्या. मी शेजाऱ्याचं नुकसान केलं तर मोकळा कसा होणार? ज्यूंच्या योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, जवळजवळ पंचवीस तास अन्नपाणी बंद, पण मिश्ना ह्या त्यांच्या जुन्या नियमग्रंथात लिहिलंय की माणसाचा अपराध त्या उपासाने फिटत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढा. इस्लाममध्ये तौबा (पश्चात्ताप) थेट अल्लाकडे, मध्ये कोणी नाही, पण दुसऱ्या माणसाचा हक्क मारला असेल तर तो त्याचा त्याला द्यावाच लागतो. कॅथलिक पाद्रीपुढे कबुली देतो आणि पाद्री देवाच्या नावाने क्षमा करतो. जैन संवत्सरीला, म्हणजे त्यांच्या क्षमा मागायच्या दिवशी, सगळ्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ (माझं चुकलं ते माफ व्हावं) म्हणतात, पण कर्म माफ करणारा वर कोणी बसलेला नाही, ते आपलं आपणच झिजवायचं. हे वाचून माझ्या मनात आपल्या प्रायश्चित्ताबद्दल प्रश्न आले, की मी तीर्थात बुडी मारून येतो तेव्हा शेजाऱ्याला विचारतो का. सगळं सारखंच म्हटलं असतं तर हा प्रश्नच पडला नसता.

शाळेत असताना श्रावणी सोमवारी मुसलमान मित्राकडे गेलो की त्याची आई, आम्ही खाला म्हणायचो, मटणाचा टोप झाकून ठेवायची, वेगळ्या तव्यावर घावणे काढायची आणि नारळाच्या रसाबरोबर द्यायची. ‘आज तुझा सोमवार ना रे.’ आमचे धर्म सारखे आहेत असं ती कधीच म्हणाली नाही, तिचा तसा विश्वासही नव्हता. तिला माझा सोमवार पाठ होता. तुम्हाला शेजाऱ्याचे रोजे कधी सुरू होतात ते पाठ आहे का, काका? ते दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतात, कारण त्यांचं वर्ष ३५४ दिवसांचं आणि कुराणात महिने पुढेमागे सरकवायला मनाई आहे, आपल्यासारखा अधिक महिना टाकून ते जुळवून घेत नाहीत. म्हणून कधी ते वैशाखाच्या काहिलीत येतात तर कधी थंडीत.

राहिला श्रेष्ठ कोणता हा प्रश्न. हिंमतीचा विषयच नाहीये, मोजायची पट्टी कोणाची ते आधी ठरवावं लागेल. जीवहत्या टाळणं ही पट्टी धरली तर जैनांच्या जवळपास कोणी पोचत नाही, देवाचं एकपण धरलं तर मुसलमान आणि ज्यू पुढे, शत्रूवर प्रेम करा म्हणणारा येशू, आणि देव न धरता दुःखातून सुटायचं असेल तर बुद्ध. हिंदू म्हणेल तुमची कुवत बघून इष्टदेवता निवडा. प्रत्येक पट्टी त्या त्या घरातूनच आलेली आहे, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला. तुम्ही तुमची पट्टी सांगा, मग त्या एका मुद्द्यावर बोलू, मी तयार आहे. फक्त पुढच्या कमेंटमध्ये नद्या आणू नका.